म्हशीच्या आडून

दिवाळी सरली की वराळ्याजवळ इंद्रायणीच्या डोहावर चक्रवाक उतरत. माणूस दिसला की उडणारे हे पक्षी म्हशीला मात्र भीत नसत. म्हणून वराळ्याचे शेतकरी कोंडाजी आबा आपली म्हैस पाण्यात घालत आणि तिच्या आडून आम्हा तळेगावच्या पक्षीवेड्यांना जवळ नेत. मी पांढरा सदरा घालून गेलो की खेकसत, "काय मास्तर, बगळा व्हायचंय व्हय?"

१९३८ साली उन्हाळ्यात ती म्हैस मेली. दिवाळीनंतर मी आणि माझी बायको इंदिरा आबांना नुसतं भेटायला गेलो. आबांनी काळं घोंगडं डोक्यावरून ओढलं.

"म्हस न्हाई तर काय झालं? मी हाय की!"

सत्तरीचे आबा गार पाण्यात ओणवे होऊन चालू लागले. आम्ही मागे. चक्रवाक क्षणात उडाले. आबा तसेच वाकून म्हणाले, "गप ऱ्हावा, बसत्याल परत."

एकही बसला नाही.

पुढच्या रविवारी तळेगावात आमची मंडळी जमली. कोणी करकोचे पाहिले होते, कोणी थापट्या बदकं. सगळ्यांनी इंदिरेकडे पाहिलं.

ती म्हणाली, "आमच्यासाठी आबा म्हैस झाले. ते बघून आलो."