अपडेट लावलं आणि आईचा फोन कट झाला

मित्रांनो, दुपारी जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

मी भुसावळला घरून एका मोबाइल कंपनीचं नेटवर्क सॉफ्टवेअर सांभाळते. ते छोट्या छोट्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या स्वतंत्र डब्यांत, चालतं. नवं व्हर्जन आलं की जुने कंटेनर काढून नवे लावायचे, हे माझं काम. आजचं अपडेट तातडीचं होतं, म्हणून भरदुपारी लावलं.

तेवढ्यात एरंडोलहून आईचा फोन. ताई बाळंतपणाला तिच्याकडेच आलेली. "बेटा, ताईले कळा सुरू व्हयन्यात. जळगावले निंघनूत, पण गाडी..."

फोन कट झाला. रेंजच गेली.

स्क्रीनवर पाहिलं, तर नवे कंटेनर सुरू होऊन लगेच बंद पडत होते. रेंज माझ्याच अपडेटने गेली होती! गाडीला काय झालं? रस्त्यात अडकले असतील, तर मदतीला कोणाला बोलावणार?

घरचं ब्रॉडबँड चालू होतं आणि अपडेटसाठीच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये धुळ्याचे सीनियर संजयभाऊ होते. "घाबरू नकोस. जुनं व्हर्जन परत आण."

कमांड दिली. एकेक कंटेनर उभा राहीपर्यंत मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही.

रेंज आल्याबरोबर फोन लावला. गाडी पंक्चर झाली होती. कोणालाच फोन लागेना, तेव्हा आईने रस्त्यात उभं राहून दुधाचा टेम्पो थांबवला होता. "पोचनूत दवाखानामा," ती म्हणाली आणि मी रडायलाच लागले.

संध्याकाळी ताईला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

पण तेच अपडेट दुरुस्त करून मला उद्या पुन्हा लावायचंय, आणि रस्त्यावर उद्याही कोणाची तरी ताई असेल. कामाचीच अशी धास्ती बसली, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही कामाला हात कसा लावता?