म्यानाबाहेरची तलवार
मार्करचा वास आला की ठाकुर्लीतल्या मित्राचा हॉल आठवतो. फाशांवरचा लढाईचा खेळ तो तिथे चालवायचा: आम्ही प्रत्येकी एक योद्धा खेळवायचो, राक्षस आणि नियम त्याच्याकडे. रणांगण प्लॅस्टिकच्या कागदावर मार्करने काढलेलं असायचं. तासभर त्याच्याशी घासाघीस करून मी माझ्या योद्ध्याची ढाल सोडली आणि बदल्यात एक कसब घेतलं: म्यानातून तलवार उपसली की पहिला वार माझा. गुहेत राक्षस समोर आला तेव्हा दोन वर्षं जपलेला माझा योद्धा एका फटक्यात जाईल इतका जखमी होता. मी ओरडलो, "उपसली!" मित्र शांतपणे म्हणाला, "अरे, मघाशी धर्मशाळेतल्या भांडणात काढलेलीस, ती अजून हातातच आहे. म्यानात परत कधी ठेवलीस?" त्याने राक्षसाचा फासा टाकला आणि माझा योद्धा मेला. नियम बरोबर होता, मान्य. पण निदान ढाल तरी परत द्यायची होती, हे मी त्याला आजही ऐकवतो.