विरघळलेला तंटा

गोमाजीबाबा तंटा ऐकायला बसले की आधी कानात कापसाचे बोळे घालायचे. दोन्ही बाजू ओरडून दमल्या की बोळे काढून म्हणायचे, "हां, आता बोला. पयलं बोलनं रागाचं, ते आयकून मी काय करू?"

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत 'गावकीतले तंटे आणि समेट' हा माझा एम.ए.च्या प्रबंधाचा विषय होता, म्हणून मी ठाण्याहून सायकलने कोलशेतला बाबांकडे जायचो. पुस्तकं वाचून मला समेटातलं सगळं कळतं, असा माझा गोड गैरसमज होता. बाबा जन्मभर मिठागरात राबलेले, निरक्षर. त्यांच्याकडे तंटा 'मिटत' नसे, 'इरघलत' असे. दोघांनी एकाच तांब्यात चिमूट चिमूट मीठ टाकायचं, ते पाणी प्यायचं आणि झालेलं बोलणं पुन्हा तोंडातून काढायचं नाही.

एका उन्हाळ्यात हाशा आणि बाळ्या या सख्ख्या भावांचा तंटा आला. थोरल्या हाशाने रागाच्या भरात बाळ्याच्या मिठागराचा बांध फोडला होता आणि भरतीच्या पाण्यात धाकट्याचं तयार मीठ गेलं होतं. हाशा रडत कबूल झाला. तांब्या फिरला. बाबा उठून गेल्यावर मी अतिशहाण्याने ती कबुली लिहून काढली आणि हाशाचा अंगठा घेतला. प्रबंधाला परिशिष्ट हवं होतं ना! मी बाबांचा माणूस म्हणून त्याने मुकाट्याने अंगठा दिला. समेट पक्का व्हावा म्हणून अंगठ्यासकट एक प्रत मी बाळ्यालाही दिली. ती त्याच्या मेव्हण्याच्या हाती पडली आणि प्रकरण ठाण्याच्या कोर्टात गेलं. साक्षीला मलाच बोलावलं.

कोर्टाच्या आवारात बाबांनी माझे दोन्ही हात धरले.

"पोरा, एकदाच खोटा बोल. सांग, हाशा काय बोललाच नाय, तूच मनानं लिवलंस. त्यो तुरुंगान गेला तं यो तंटा जलमभर नाय इरघलायचा."

"बाबा, मग माझा प्रबंध खोटा ठरेल."

त्यांनी हात सोडले. साक्षीत मी खरं तेच सांगितलं आणि हाशा तुरुंगात गेला. मला पहिला वर्ग मिळाला. परीक्षकांनी परिशिष्टाचं खास कौतुक केलं. त्या दिवसाइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

बाबांपुढे मग गावात कुणी मन मोकळं केलं नाही. दोन वर्षं ते दारात नुसते बसून राहिले आणि गेले. मी धावत गेलो. तिरडीच्या एका बाजूला तुरुंगातून सुटून आलेला हाशा होता, दुसऱ्या बाजूला बाळ्या. दोघं एकमेकांकडे पाहतही नव्हते. मी खांदा द्यायला पुढे झालो, तर हाशाने हात आडवा घातला.

"तुमी नुको, साहेब. तुमी बाजूला बसून लिवा."