चिंचपोकळीच्या खानुमबाई

कोटाच्या खिशात सुपारीचे तुकडे, जुनी तिकिटं, पेन्सिलीचं टोक असं साठत जातं, तसे एकाच ऑफिसात वर्षं काढली की किस्से साठतात. मुद्दाम कुणी ठेवत नाही, कधीतरी खिसा झाडला की पडतात. माझ्या खिशातले हे सगळे एकाच जागेचे आहेत, चिंचपोकळीच्या एका कोपऱ्यावरच्या इराण्याकडचे. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज कुठंतरी सभा, कुठंतरी मोर्चा. पण मला त्या दिवसांतलं पहिलं आठवतं ते शनिवारच्या दुपारचं ऊन, संगमरवरी टेबलावर सांडलेलं, आणि वरच्या मजल्यावरून खाली येणारा केशराचा वास.

*

रे रोडला एका इंजिनीअरिंग कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आम्ही तिघं. मी गिरगावचा, दिघे. लेले आमचे सीनिअर, दादरचे, मराठीत एकही परका शब्द नको या मताचे. आणि घोडपदेवचा गमरे, ड्रॉइंगं गिरवणारा ट्रेसर. गमरे आधी पाच वर्षं इराणात, आबादानच्या तेल कारखान्यात फिटर होता. तिथं गडबड झाली, परदेशी माणसं परत आली, तसा हाही आला.

गमरे रोज आबादानच्या जेवणाचं वर्णन करायचा. हिरवा भात, त्याचा वास, त्यावर केशराचं पाणी. मी एकदा म्हटलं, "मग चल की इराण्याकडे."

"इराण्याकडे इराणी जेवण मिळत नाही रे. मस्का-पाव मुंबईचा."

"तू फारसीत मागून तर बघ. देईल."

शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर आम्ही तिघं चिंचपोकळीला गेलो. गल्ल्यावर खोदादाद शेठ बसला होता, जाडजूड, थकल्या डोळ्यांचा. गमरे ताठ उभा राहिला आणि झोकात एक लांबलचक वाक्य बोलला. शेठ खुर्चीतून अर्धवट उठून एकदम बाजूला झाला. मग परत बसला आणि पोट धरून हसायला लागला.

"तुम क्या बोला, मालूम?" डोळे पुसत तो म्हणाला. "तुम बोला, बाजू हट, ऊपर से क्रेन आता है."

गमऱ्याचं सगळं फारसी वर्कशॉपमधलं होतं.

*

हसू थांबल्यावर शेठ गमऱ्याकडे बघतच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "ऊपर आएगा? दो मिनिट?"

वर त्याची म्हातारी आई होती. नवरा वारला म्हणून वर्षापूर्वी इराणातल्या यझ्द गावाहून बोटीनं इथं आली होती. या शहराचा आवाज तिला सोसला नाही. खोलीबाहेर पडायची नाही, गॅलरीत यायची नाही, रस्त्याच्या बाजूची खिडकी कायम बंद. चहात बुडवलेल्या पावाखेरीज काही खायची नाही. मुलाशीही बोलणं कमीच झालेलं.

आम्ही दारात उभे राहिलो. खोलीत अर्धवट उजेड होता आणि गुलाबपाण्याचा वास. गमऱ्यानं आदरानं मान झुकवली आणि त्याला येत होतं ते बोलला. म्हातारी चमकली. तिनं तोंडावर पदरासारखा रुमाल धरला, तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं आम्हाला वाटलं.

"काय म्हणालास?" मी विचारलं.

"नमस्कार म्हटलं. आणि विचारलं, तेल गळतंय का?"

पुढच्या शनिवारी आम्हा तिघांना वर जेवायला बोलावणं आलं. आम्ही तिला खानुमबाई म्हणायला लागलो. खानूम म्हणजेच बाई, हे पुष्कळ उशिरा कळलं. म्हणजे दोन वर्षं आम्ही तिला 'बाईबाई' म्हणत होतो.

*

त्या पहिल्या जेवणाचं काय सांगू! जमिनीवर पांढरी चादर अंथरली होती. खानुमबाई स्वतः स्वयंपाकघरातून आली, मागोमाग शेठ भलंमोठं ताट घेऊन. हिरवा भात, वर पिवळं केशर, आणि वाफ अशी की पलीकडचा माणूस धुक्यात बसल्यासारखा दिसावा. गमऱ्यानं डोळे मिटून घेतले.

लेल्यांनी वाकून वास घेतला. "शेपू," ते म्हणाले. "ज्याच्या नावानं वर्षानुवर्षं माझं डोकं खाल्लंस गमरे, तो शेपूचा भात? यात पावटेही आहेत. माझी बायको मंगळवारी करते. मी खात नाही."

पण खरी अडचण वेगळी होती. ताट एकच होतं आणि सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं होतं. इतकी वर्षं एका खोलीत काम करत होतो, पण आमचे डबे वेगवेगळ्या टेबलांवर उघडायचे. गमऱ्याच्या डब्यातलं मीही कधी खाल्लं नव्हतं. त्यानं कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी मागितलं नव्हतं. लेले भिंतीला पाठ टेकून हातभर लांब बसले. मी मधेच कुठंतरी, ना इथं ना तिथं.

खानुमबाईनं लेल्यांकडे बघून गमऱ्याला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय?" लेल्यांनी विचारलं.

गमरे चादरीकडे बघत म्हणाला, "विचारतेय, हा माणूस आजारी आहे का?"

मग लेले उठले, धोतर सावरलं, आणि गमऱ्याच्या शेजारी येऊन बसले. पातेल्याच्या तळाची कुरकुरीत खरवड खानुमबाईनं मोडून आमच्या तिघांपुढं ठेवली. आमच्या घरी खरवड आईच्या वाट्याला येते. तिच्याकडे ती पाहुण्याची.

लेल्यांनी शेपूचा भात तीनदा घेतला. खानुमबाईही जेवली. शेठ दारात उभा राहून नुसता तिच्या हाताकडे बघत होता.

*

एकदा जेवण झाल्यावर आम्ही गालिच्यावर लवंडलो होतो. खालून ट्रामची घंटा लांबून आल्यासारखी येत होती. खानुमबाई तिच्या गावाचं सांगत होती आणि गमरे जमेल तसं आम्हाला मराठीत सांगत होता. मातीची घरं, घरावर वारा पकडणारे उंच मनोरे, जमिनीखालून वाहत येणारं पाणी, डाळिंबाची बाग. त्याला शब्द अडला की तो थांबायचा, मग तीही थांबायची, आणि त्या थांबण्यातही बाग दिसत राहायची.

मी गमऱ्याला विचारलं, "आबादानला तुला करमायचं?"

"उकाडा मरणाचा. पाणी मचूळ."

"मग एवढी आठवण कशाची काढतोस?"

तो छताकडे बघत म्हणाला, "तिथं मला सगळे 'हिंदी' म्हणायचे. हिंदी फिटर. पुढं कुणी काही विचारायचं नाही." मग कूस बदलून म्हणाला, "झोप फार छान लागायची रे."

आणि तिथंच, त्या गालिच्यावर, तो झोपला. खानुमबाईनं उठून त्याच्या अंगावर शाल टाकली.

*

एका शनिवारी गमरे सभेला गेला होता. लेले आणि मी दोघंच गेलो. शेठ बाजारात. वेटर घाबराघुबरा होऊन म्हणाला, वर म्हातारी आत अडकलीय. आम्ही धावलो. फळी फुगून दरवाजा बसला होता. आतून ती मुठी आपटत होती, रडत होती.

लेले तोंड फळीला लावून म्हणाले, "बाई, घाबरू नका. द्वार बाहेर ढकला. द्वार!"

रडणं वाढलं.

"लेले, दरवाजा म्हणा," मी म्हटलं.

"तो शब्द आपला नाही."

"आपला नाही म्हणूनच म्हणा."

लेल्यांनी क्षणभर डोळे मिटले. "दरवाजा," ते म्हणाले. "खानुमबाई, दरवाजा. जोर. जोर."

आत शांतता झाली. मग एक धक्का, बाहेरून आमचा हिसका, आणि दरवाजा उघडला. खानुमबाई लेल्यांचा हात धरून बोलत सुटली. अर्धा तास. लेले शहाण्यासारखे मान हलवत राहिले.

सोमवारी गमरे ऑफिसात आला तो हसतच. "लेलेसाहेब, काल तिच्याकडे गेलो होतो. ती म्हणते, तुमचं फारसी माझ्यापेक्षा शुद्ध आहे."

*

आणि हा शेवटचा. त्या दिवशी सगळं बंद होतं. लालबागहून निघालेला मोर्चा चिंचपोकळीवरून फोर्टकडे चालला होता. गमरे पुढच्या रांगेत, पांढराशुभ्र सदरा घालून. त्याच्या मागं मी आणि लेले. लेल्यांच्या हातात त्यांनीच सुरेख अक्षरात रंगवलेला फलक. खोदादाद शेठच्या हॉटेलला फळ्या लावलेल्या होत्या.

तिथवर आलो आणि पुढून निरोप आला की नाक्यावर पोलीस बंदुका घेऊन उभे आहेत. घोषणा विरत गेल्या. हजार माणसं, आणि नुसता चपलांचा आवाज. लेल्यांनी फलक खांद्याला टेकवला.

तेवढ्यात वरून अंगावर काहीतरी आलं. कुणीतरी ओरडलं, "दगड!" माणसं खाली वाकली, हात डोक्यावर गेले. पुन्हा एक मूठ आली. माझ्या खांद्याला लागून एक खडा खाली पडला. लेल्यांनी तो उचलून बोटांत फिरवला. साखरेत घोळवलेला बदाम होता.

वर बघितलं. रस्त्याकडची खिडकी सताड उघडी होती. खानुमबाई गॅलरीत उभी होती, हिरवं रेशमी काहीतरी नेसून, हातात वाडगा. मागं शेठ, तोंडावर हात ठेवलेला. ती गमऱ्याकडे बघत होती, त्याच्या नव्या सदऱ्याकडे, त्याच्या मागच्या एवढ्या माणसांकडे. आणि हसत होती. मग तिनं वरून फारसीत त्याला काहीतरी विचारलं.

गमरे थांबला. त्याच्यामागं सगळा मोर्चा थांबला. त्यानं वर बघून, छातीवर हात ठेवून उत्तर दिलं आणि पोलीस उभे होते त्या बाजूला बोट दाखवलं. तिनं उरलेला वाडगा आमच्यावर ओतला.

आम्ही चालायला लागलो. मी पुढं सरकून विचारलं, "काय म्हणाली?"

"विचारत होती, एवढी मोठी वरात, नवरी कुठाय?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, पुढं आहे. आणायलाच चाललोय."