चौकशीपासून पाण्यापर्यंत

लग्नानंतर मी पुण्यातली नोकरी सोडून सोलापुरात सासरच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात बसू लागले. पुण्यात माझं कामच ते होतं: एखादी ऑर्डर पहिल्या फोनपासून शेवटपर्यंत कशी जाते ते रेखाटायचं आणि कुठं अडते ते शोधायचं. इथं त्याचा उपयोग होईल असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. मला वाटत होतं. दुकानात चौकशीला माणसं येत, आमचा माणूस शेत मोजून येई, आणि गिऱ्हाईक माल दुसरीकडून घेई. सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते म्हणत, "दुकानं वाढली, दुसरं काय."

मी सांगोल्याला, हातून गेलेल्या एका डाळिंबवाल्या गिऱ्हाइकाकडं गेले. बागेत दुसऱ्या दुकानाच्या नळ्या पसरलेल्या. त्यांनी चहा दिला.

"दादा, आमचा दर जास्त वाटला का?"

"दर कळलाच न्हाय की ताई. तुमचा माणूस मोजून गेला, नंतर काय कागद आला न्हाय. टँकरवर बाग किती दिस जगवायची?"

परत आल्यावर गोदामाच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरांची पाठकोरी पानं चिकटवली आणि चौकोन काढले: फोन, मोजणी, आराखडा, दर, होकार, जोडणी. प्रत्येकाखाली ते काम कोण करतं आणि ते किती दिवस पडून राहतं, हे सगळ्यांना विचारून लिहिलं. बाकी कामं पटापट सरकत होती. दराचा कागद मात्र मामांच्या टेबलावर पडून राहायचा, कारण प्रत्येक कागद ते स्वतः तपासत आणि काउंटरवरून त्यांना सवड मिळत नसे.

नवरा म्हणाला, "हे त्यांना दाखवू नकोस." मी दुसऱ्या दिवशी सकाळीच दाखवलं.

मामांचं बोट एकेका चौकोनावरून फिरत दराच्या चौकोनावर थांबलं. "म्हणजे मीच अडवतोय?"

"काम तुमच्यापाशी थांबतं, मामा. लहान बागांचे दर एकदाच ठरवून द्या. कागद आपण बांधावरच देऊ. मोठं काम असेल तरच तुमच्याकडं येईल."

"आणि हिशेब चुकला तर? नाव माझं जाईल."

ती भीती खरी होती. मामा काउंटरवर निघून गेले आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी गोदामात गेले तर मोजणी आणि आराखड्याच्या मधे त्यांच्या अक्षरात नवा चौकोन होता: बोअरला पाणी किती. ते माझ्याकडून राहूनच गेलं होतं. खाली लहान बागांच्या दरांचा तक्ता चिकटवलेला होता.

त्यानंतरचा पहिला कागद आम्ही बांधावरच दिला. शेतकऱ्यानं तो वाचला, नातेपुत्याला राहणाऱ्या भावाला फोन लावला आणि आमच्यासमोरच हो म्हटलं.

आता सकाळी मामा दुकानात सापडत नाहीत. मोजणीला स्वतः जातात आणि तिकडून फोन करतात, "कालच्या बागेचा कागद गेला का?"

बहुतेक वेळा तो गेलेला असतो.