चढले एकशे चार, उतरले एकशे पाच

खऱ्या नावाने त्यांना केवळ नोकरीच्या कागदांवर ओळखत. बाकी सर्वांसाठी ते मोजणीकाका. आयुष्य लाभले एकोणसत्तर वर्षांचे. त्यांतील एकतीस वर्षे बंदर आणि बेटावरचे शहर यांच्यामधील फेरीबोटीवर गेली. काम एकच: शिडीपाशी उभे राहून चढणारी आणि उतरणारी माणसे मोजणे. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय बोट परत फिरत नसे. काका चेहरे पाहत नसत. नजर पायांवर, अंगठा मोजणीयंत्राच्या बटणावर. चेहऱ्यात जीव गुंतला की आकडा हुकतो, असे ते म्हणत.

निवृत्तीला आठ दिवस उरले असताना, एका धुकट दुपारी, चढले एकशे चार आणि बेटावर उतरले एकशे पाच.

"काका, म्हातारचळ लागला की काय?" कप्तान हसला. "एक कमी भरला असता तर समुद्र धुंडाळला असता. जास्तीचं काय लोणचं घालू? लिहा एकशे चार, मोकळे व्हा."

"शेवटचे पाय अनवाणी होते. ओले."

कप्तानाने शिडीकडे पाहिले. फळ्यांवरून ओली पावले धक्क्याच्या मध्यापर्यंत गेली होती आणि तिथेच संपली होती. त्याचे हसू मावळले.

काकांना मात्र एक जुनी फेरी आठवली. बारा वर्षांपूर्वी उतरताना एक माणूस कमी भरला होता. पुढची फेरी खोळंबली होती; आपलाच अंगठा चुकला असेल, असे समजून त्यांनी आकडा जुळवून टाकला. तिसऱ्या दिवशी एक बाई धाकट्या बहिणीची चौकशी करीत आली. काकांनी वहीवर बोट ठेवून सांगितले, "ताई, सगळे उतरले." त्या शब्दावर विसंबून बाईंनी बेटावर शिवणकामाचे दुकान थाटले आणि फावल्या वेळात गल्लीन् गल्ली पालथी घातली.

काकांनी वहीत एकशे पाच लिहिले आणि ते थेट त्या दुकानात गेले.

"ताई, त्या दिवशी एक कमी उतरला होता. मी खोटं लिहिलं."

शिलाईयंत्र थांबले. "मग बारा वर्षं मी कुणाला शोधत होते हो?" बाईंनी हातातले कापड बाजूला सारले. "आणि आजच कसं तोंड उघडलंत?"

"आज एक जास्त उतरला."

बाईंची नजर त्यांच्या खांद्यावरून दाराकडे गेली आणि तिथेच खिळली. त्या हळूच म्हणाल्या, "काका, तुम्ही बाजूला व्हा." ते भिंतीला अंग घासत बाहेर पडले, मागे वळून पाहण्याचा धीर त्यांना झाला नाही.

चौकशी झाली. उरलेले आठ दिवस त्यांना शिडीपाशी उभे राहू दिले नाही. धाकट्या बहिणीचे नाव बुडालेल्यांच्या यादीत रीतसर लागले. बाईंनी पुन्हा कोणाला शोधले नाही. काकांनी क्षमेची तीन पत्रे पाठवली. तिन्ही न उघडता परत आली.