उलोमाने मोडलेला हात

उलोमाने नाकावर माशी बसू दिल्याचं ओनिचाच्या बाजारात कुणाला आठवत नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांच्या आमच्या गल्लीत कारागीर म्हणून ती एकटीच बाई, आणि सगळ्या पुरुषांच्या मिळून होतील त्याहून जास्त मारामाऱ्या तिच्या एकटीच्या. एका दलालाला तिने कीबोर्डने असा हाणला की बटणं गटारापर्यंत उडाली. नवऱ्यालाही तिने सोडलं नाही. तो एनुगूला पळाला आणि तिथून त्याने निरोप धाडला, मी मेलो असं समज. हिने तसंच समजलं. डोकं भादरलं, काळे कपडे घातले आणि वर्षभर लोकांकडून सांत्वन करून घेतलं. आम्ही हसायचो, पण तिच्या पाठीमागे.

मी चार्जर विकणारी, माझं टेबल तिच्या टेबलाला चिकटून होतं. तिच्या रागाची झळ मला रोज लागायची, आणि खोटं कशाला बोलू, बाई मला आवडायची. मेलेला बोर्ड जिवंत म्हणून तिने कधी कुणाच्या गळ्यात मारला नाही.

आमच्याकडे गिऱ्हाईक मशीन टाकून जात नाही. समोर स्टुलावर बसून डाळीचा उकडलेला ओक्पा खातं आणि कारागिराच्या बोटांवरून नजर हलवत नाही. पाठ वळली की आतला माल बदलतो, हे इथे शेंबडं पोरही जाणतं. एवढ्यावरही ज्यांचं समाधान होत नाही ते आतल्या भागांवर आपापल्या खुणा करून ठेवतात. कुणी नेलपॉलिशचा ठिपका देतं, कुणी ओरखडा काढतं.

ओकेझी अशांपैकीच. शाळेच्या फाटकाशी त्याचं टायपिंगचं दुकान होतं. माणूस बारीक, बोलणं मऊ आणि मन संशयाने पोखरलेलं. त्याचा मदरबोर्ड जळला म्हणून उलोमाने दुसरा बसवून दिला होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत दुपारभर मशीन चालवून दाखवलं होतं. थोड्याच दिवसांनी तो कॉम्प्युटरचा डब्बा डोक्यावर घेऊन परत आला, तो ओरडतच.

"चालू होतंय, बंद पडतंय! आपोआप पुन्हा चालू, पुन्हा बंद! सकाळपासून हेच चाललंय! मॅडम, तुम्ही चांगला बोर्ड दाखवलात आणि घातलंत भंगार!"

"खाली बस. आणि आवाज कमी कर," उलोमा म्हणाली.

"का कमी करू? चोरालाच आवाजाची भीती!"

उलोमाने फाडकन त्याच्या थोबाडीत दिली. एरवी गोष्ट इथेच मिटली असती. पण ओकेझी गाल धरून भर रस्त्यात धावला आणि ऊर फाटेस्तोवर ओरडला, "चोर! चोर!"

हा शब्द आमच्या बाजारात एकदा तोंडातून सुटला की परत गिळता येत नाही. काय चोरलं, कुणाचं चोरलं, हे विचारायला कुणी थांबत नाही. मला या लोकांची किळस येते, आणि हे माझेच लोक आहेत. कालच मी त्यांना चार्जर विकलेले असतात. बघता बघता गल्ली भरली. पहिली फळी उलोमाच्या कानशिलावर बसली. ती पडली तशी लाथा सुरू झाल्या. मी मध्ये घुसले तर कुणीतरी माझ्या पोटात गुडघा घातला. लाल रुमाल बांधलेला एक मोटरसायकलवाला खांद्यावर जुना टायर घेऊन आला होता. त्याच्यामागे पेट्रोलचा डबा. चोराला आमच्याकडे गळ्यात टायर घालून पेटवतात.

"अरे, मशीन तरी बघा!" मी किंचाळले. "मशीन सांगेल ना चोर कोण ते!"

लाल रुमालवाल्याला ही गंमत पटली. "बरोबर आहे. बाई, चालवून दाखव. चाललं तर तू सुटलीस. नाहीतर हा टायर तुझ्या मापाचा आहे."

मी जनरेटर सुरू केला. उलोमाच्या एका डोळ्यात रक्त उतरलं होतं, दुसरा सुजून मिटत चालला होता. तिने बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला आणि खट्‌कन सगळं मेलं. पुन्हा आपणच सुरू झालं, पुन्हा मेलं. दर वेळी गर्दी "हो!" करून ओरडायची आणि एक पाऊल पुढे सरकायची. तिने मेमरी बदलली. तेच. माझ्या टेबलाखालचा पॉवर सप्लाय जोडला. तेच. पाठीत वीट बसली तशी ती टेबलावर आपटली.

"बोर्ड वर काढते," ती दात आवळून म्हणाली.

सगळे स्क्रू निघाले तरी बोर्ड उचलेना. एक कोपरा अडकला होता. उलोमाने खाली बोट घातलं आणि तिचं बोट तिथेच थांबलं. बोर्डाच्या भोकातून ओवलेली तांब्याची तार डब्ब्याला पीळ घालून बांधलेली होती, वर नेलपॉलिशचा लाल गोळा.

"ओकेझी, हे काय आहे?"

"माझी खूण!" तो चक्क ऐटीत म्हणाला. "काल रात्री घरी बांधली. आता बोर्ड बदलायचा तर आधी तार तोडायला लागेल. बायकोचं पॉलिश आहे ते."

"तांब्याची उघडी तार बोर्डाच्या पाठीला टेकवलीस, गाढवा! वीज नको तिथे घुसते आणि मशीन स्वतःला बंद करतं!"

तिने पक्कडीने तार तोडली, बोर्ड बसवला, बटण दाबलं. पडदा उजळला. उजळलेलाच राहिला. गर्दीची तोंडं ओकेझीकडे वळली. खोटं "चोर" ओरडणाऱ्याला आमच्याकडे चोराचीच शिक्षा असते.

लाल रुमालवाल्याने ओकेझीची कॉलर धरली. टायर डोक्यावरून खाली आला, पेट्रोलच्या डब्याचं झाकण निघालं. ओकेझीची पँट ओली झाली.

"बाजूला व्हा!" उलोमाने झेप घेतली. "रक्त माझं सांडलंय! हा माझा आहे!"

तिने टायर उपसून फेकला आणि जाड केबलने त्याला झोडपायला घेतलं. तोंडावर, मानेवर, जिथे लागेल तिथे. मग कॉम्प्युटरच्या डब्ब्याचं लोखंडी झाकण उचललं. त्याने हात आडवा धरला आणि हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या टेबलापाशी ऐकला. ती थांबली नाही. शेवटी त्याला फरफटत टेबलामागच्या तिच्या दुकानात नेलं आणि आतून शटर ओढलं. लोकांनी शटरवर दगड मारले, शिव्या दिल्या, पण रक्त बघून झालं होतं. हळूहळू सगळे पांगले.

तेव्हापासून बाजारात उलोमाचं नाव झालं. शहाणी बाई, म्हणतात, स्वतः मारलं आणि गर्दीच्या हातून मरू दिलं नाही. चर्चमध्ये पाद्रीबुवांनी तिला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. ओकेझी गळ्यात हात अडकवून बायकोसह आला, कंदांची टोपली ठेवली आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. ती स्क्रू आवळत राहिली.

ते गेल्यावर तिने टोपली माझ्याकडे सरकवली. "ओलाएदो, हे तू घेऊन जा. मला घशाखाली उतरणार नाहीत."

"का गं? तू नसतीस तर जळला असता तो."

"टायर काढला तो मीच पुन्हा घालायला. आधी मनसोक्त मारून घ्यायचं होतं, एवढंच," ती म्हणाली. "हात मोडला तरी माझं मन भरलं नव्हतं."

"मग?"

"मग त्याने माझ्याच पायांना मिठी मारली. एवढ्या गर्दीत त्या मूर्खाला मीच सापडले. पाय सोडवता येईना, म्हणून तसाच ओढत आत नेला."